पुढच्या चढाईला, नंदूशेठकडून

४ जाने., रवि.

घसा पार बसलाय. बोलता येत नाही म्हणून लिहितेय. आईने हळदीचं दूध ठेवलंय, त्यावर साय धरली, मी अजून घिवलीच्या मैदानावरून उतरलेच नाहीये.

झालं असं. महिला कबड्डीचे सामने, दुपारचे. नेहमीचे निवेदक मेव्हणीच्या लग्नाला पळाले. मंडळाच्या पोरांनी इकडेतिकडे बघितलं, मी दिसले, माइक माझ्या हातात. का? तर ही बी.ए. मराठी, हिच्याकडे शब्द असतात. (कादंबरी दोन वर्षं पान साठवर बसलीय हे त्यांना कोण सांगणार.) एका बाजूला पॉवर स्टेशनची भिंत, दुसऱ्या बाजूला वाळत घातलेले बोंबील, मधे मी. कसली मजा आली!

चिठ्ठ्या! गर्दीतून हातोहात येतात. वहीचा कोपरा, लग्नपत्रिकेची पाठ, काडेपेटीचं झाकण. "पुढच्या चढाईला पाचशे, बर्फवाल्या बाळूकडून." मी वाचायचं, बाळूने हात वर करायचा, टाळ्या. आणि माइकवर वाचलं की दिलंच. कागद नाही, सही नाही. एकाने मागे हजार कबूल केले आणि दिले नाहीत, त्याला गावात अजून "आला बघ हजार" म्हणतात. त्याचं खरं नाव मी विचारलं तर तिघांना आठवेना.

आज सगळ्या चिठ्ठ्या दर्शनाला. घिवलीचीच, आमच्या बोईसरच्या कॉलेजात एस.वाय.ला. तिची एक चढाई एका दमात लिहून बघते, ती एका दमात करते तर मी पूर्णविराम का घेऊ, गेली उजवीकडून गेली हळू गेली जशी काय बाजारात भाव विचारायला गेली आणि कॉर्नरवालीने घोटा धरला दुसरी कंबरेला आली तिसरी पाठीवर आणि तिघींना ओढत ही बाई मधल्या रेषेकडे सरकतेय सरकतेय तोंडात कबड्डी कबड्डी चालूच आणि नख टेकलं रेषेला फक्त नख आणि मी माइकमध्ये काय किंचाळले मला माहीत नाही पण समोर बसलेल्या म्हाताऱ्या उभ्या राहिल्या

हुश्श.

बक्षिसाचे पैसे खेळाडूचे नसतात, ते कॉलेज टीमच्या डब्यात जातात. बिस्किटाचा जुना डबा. तो माधुरीकडे असतो. माधुरी कॅप्टन, मासवणची, डावा कॉर्नर. त्यातून गाडीभाडं, नी-कॅप, वडापाव.

दूध गार झालं. पिते तसंच.

५ जाने.

फोन!! नंदूशेठ. एमआयडीसीत पाण्याच्या प्लास्टिकच्या टाक्या बनवतात. काल त्यांच्या तीन चिठ्ठ्या होत्या.

"मुली, तू काल माझं नाव तीनदा घेतलंस, तिन्ही वेळा टाळ्या पडल्या. मी पेपरात अर्धं पान देतो, कोण टाळ्या वाजवत नाही."

त्यांना दर्शना पाहिजे, टाकीच्या जाहिरातीला. पैसे देणार. तिच्याशी बोलायचं कोणी?

"माझ्याशी बोला. मी तिची मॅनेजर."

"कधीपासून?"

"आत्तापासून."

ते खो खो हसले.

दुपारभर व्हिडिओ बघितले. अमेरिकेत कॉलेजच्या खेळाडूंना आता उघड पैसे मिळतात. बुटांच्या जाहिराती, गाड्यांच्या जाहिराती. कॉलेजचे श्रीमंत चाहते एकत्र येऊन पैसे ओततात, हा पोरगा आपल्याकडेच राहिला पाहिजे म्हणून. त्यावर तिकडे केवढी भांडणं, केवढे वकील. अरे, आमच्याकडे हे कधीचंच आहे! आम्ही त्याला चिठ्ठी म्हणतो.

पप्पा सेकंड शिफ्टला निघताना: "बोंबलायचे पैसे देतात का तुला?" म्हटलं, देतील. "मग बोंबल."

७ जाने.

कॉलेज. स्पोर्ट्सचे सर. त्यांच्या टेबलाच्या काचेखाली अजून माझ्या बॅचचा फोटो आहे, मी त्यात डोळे मिटलेली.

"जाहिरात? कॉलेजच्या मुलीने? चालतं का?"

"नाही चालत असं कुठे लिहिलंय, सर?"

"परिपत्रक बघावं लागेल." कपाट उघडलं. कपाटात तीन फुटबॉल, एक भाला, एक ताडपत्री. परिपत्रक नाही. "बघतो. तोवर जर्सी आपली नको."

म्हणजे चालतं.

मग मासळी बाजार. दर्शनाची आय सुरी चालवत बसलेली. मी उत्साहात सगळं सांगितलं. त्यांनी सुरमईचं डोकं बाजूला टाकलं.

"फोटो कशावर लावनार?"

"टाकीवर. पाण्याच्या."

"गच्चीवर जाते ती? मग तिला बगनार कोन, कावले?"

दर्शना मागे बर्फ फोडत होती. हसून बर्फावरच बसली. ती जास्त बोलत नाही. विचारलं, करशील ना गं? म्हणाली, "बगू." तिचं "बगू" म्हणजे हो. मला कळतं आता.

११ जाने., रवि.

फोटोशूट!!! शेडमध्ये पंचवीस निळ्या टाक्या, रांगेत. फोटोग्राफर बिहारचा, लग्नं करतो. "दीदी, थोडा शरमाइए." दर्शना म्हणाली, ही काय माझी हळद हाय?

शेठची आयडिया: तिने टाकीभोवती कबड्डी कबड्डी म्हणत फिरायचं. माझी आयडिया: टाकीनेच तिला पकडायचं. टाकी आडवी पाडली, दर्शना कंबरेपर्यंत आत, चेहरा आणि हात बाहेर, बोटं खडूच्या रेषेकडे. कामगार जेवण सोडून बघायला आले. एकाने आतून आवाज कसा येतो म्हणून डोकं घातलं आणि ओरडला, "कबड्डी!" सगळी शेड घुमली. मग प्रत्येकाला एकदा ओरडायचं होतं. शेवटी शेठ स्वतः वाकले, पोट सांभाळत.

ओळ मी लिहिली: "धरलं तर सोडत नाही." टाकी गळत नाही या अर्थी. शेठनी तीनदा वाचली. "तू लेखिका आहेस?" म्हटलं, प्रयत्न चालूय. "मग हे कर ना. लोक वाचतील तरी."

लागलं थोडं. पण खरंय ते.

१४ जाने.

बॅनर लागलं. बोईसर स्टेशनबाहेर, रिक्षा स्टँडच्या वर. सहा फुटी दर्शना. माझी ओळ! तिळगूळ द्यायचं सोडून आख्खी टीम बघायला आलेली. रिक्षावाला म्हणाला, "ये तो वही है ना, मच्छीवाली मौसी की लड़की?" दर्शनाने ओढणी डोक्यावर घेतली आणि आमच्या मागे लपली. स्वतःच्याच बॅनरपासून!

माधुरी बराच वेळ मान वर करून बघत होती. मग म्हणाली, "ती फोटोत सुटून चालली हाय. तिला धरलंय कोनी, ते नाय दिसत."

"टाकीने धरलंय."

"टाकीला पन चिठ्ठी भेटली. आमाला नाय कदी भेटली." हसत म्हणाली. पण बरोबर आहे. मी इतके सामने बघितले, पकड करणारीच्या नावाने एक चिठ्ठी वाचल्याचं आठवत नाही. चढाई दिसते. पकड म्हणजे नुसता ढीग.

शेठने दर्शनाला पाकीट दिलेलं. तिने तिथल्या तिथे माधुरीच्या डब्यात टाकलं. मी ओरडलेच. "अगं, हे बक्षीस नाही! हे तुझं मानधन आहे, तुझा चेहरा आहे!"

"चेरा माजा, गुडगे सगल्यांचे," दर्शना म्हणाली.

काय वाक्य. मी साठ पानांत असं एक लिहिलेलं नाही.

१८ जाने., रवि.

नवीन माणूस आलाय गोष्टीत. मुंबईच्या एका मोठ्या कॉलेजचे माजी खेळाडू. पांढरी गाडी, हातात कडं, गोड बोलणं. बॅनर बघून नाही, घिवलीच्या सामन्याचा व्हिडिओ बघून. केळव्याला बोलावलं, सुपारीच्या वाडीत जेवायला. दर्शना, तिची आय आणि मॅनेजर (मी).

जुने खेळाडू मिळून पैसे जमवतात, तिथल्या टीमसाठी. टी.वाय.ला तिकडे प्रवेश. फी माफ, होस्टेल, मेस, बूट, फिजिओ, वर दरमहा हातात. "तीन तारखेला खेळाडूंची यादी जाते. मला त्याच्या आधी कळवा. सोमवारी दुपारी बारापर्यंत, दोन फेब्रुवारी." मोबाइलवर होस्टेलचे फोटो दाखवले. खोलीत दोन पलंग, खिडकी, मॅटचं मैदान.

आयने विचारलं, "पोरीला मासली देता का जेवनात?"

"बुधवार-शुक्रवार अंडी."

आय माझ्याकडे बघून पुटपुटल्या, "अंडी म्हनजे मासली नवं."

दर्शनाने फोटो बघितले, मोबाइल परत दिला. परतीच्या रिक्षात विचारलं, काय वाटतं गं?

"बगू."

समुद्राकडे तोंड करून बसलेली. ती नाही जाणार. घिवली सोडून, टीम सोडून, मासळी सोडून? शक्य नाही. पण घरची परिस्थिती ओढणार तिला. म्हणजे आता शेठने पुरं वर्ष उचललं पाहिजे. हे माझं काम. मी हे करणार!

२१ जाने.

शेठ: बघू.
शेठ: मार्च संपू दे.
शेठ: एक बॅनर झालं ना मुली, अजून काय.
शेठ: वर्षभराचं? बायकोला विचारतो.

(हे चार दिवसांतलं नाही. हे फक्त आजचं.)

२५ जाने., रवि.

मी केलं. मी करून टाकलं! घाईघाईत लिहितेय, अक्षर बघ.

बोईसरच्या मैदानावर फायनल. माइक माझ्याकडेच, आता मीच नेहमीची. गर्दी इतकी की पोरं कंपाउंडच्या भिंतीवर. पुढच्या खुर्चीत शेठ, बायको, व्याही, सगळे कडक कपड्यात. शेवटची पाच मिनिटं, दोघांचे गुण सारखे. दर्शना चढाईला निघाली आणि चिठ्ठी आली. शेठची. "पुढच्या चढाईला दोन हजार, नंदूशेठकडून."

हातात घेतली. वाचलं मी हे:

"पुढच्या चढाईला, नंदूशेठकडून, आपल्या दर्शनाला, पदवी होईपर्यंत कॉलेजची पूर्ण फी आणि दरमहा मानधन! दर्शना बोईसरची, बोईसरमध्येच राहणार!"

मग जो आवाज उठला! भिंतीवरची पोरं खाली पडली. सगळ्या माना शेठकडे. शेठ माझ्याकडे. मी त्यांच्याकडे. बायकोने त्यांच्या कोपराला हात लावला. आणि शेठचा हात वर गेला. हळू, पण गेला! माइकवर वाचलं की दिलंच.

कादंबरीत असं कुणी लिहिलं असतं तर मी खोटं म्हटलं असतं.

दर्शना रेषेवर उभी राहून माझ्याकडे बघत होती. मग आत गेली, तीस सेकंद नुसती फिरली, कुणाला हात लावला नाही, रिकामी परत आली. दमली असेल. सामना माधुरीने काढला, शेवटच्या चढाईला घोटा असा धरला की समोरची आडवी. पण तेव्हा लोक शेठच्या भोवती होते. मीसुद्धा पकडीचं एक वाक्य बोलले फक्त. ते आत्ता लिहिताना कळतंय.

जिंकलो!!

२६ जाने.

सकाळी साडेसातला झेंडावंदन, कॉलेज. प्रमुख पाहुणे कोण? नंदूशेठ. एका रात्रीत. सरांनी भाषणात त्यांना "क्रीडाप्रेमी उद्योजक" म्हटलं, परिपत्रकाचं नाव नाही. शेठ जाम खूष. मला बाजूला घेऊन, "तू मला लुटलंस गं. पण रात्रीपासून सत्तर फोन आले. आमदारकीला उभा राहतो का विचारतात."

त्यांनी कागद आणलाय. शेठ माइकचा शब्द पाळतात, पण धंदेवाला माणूस. दोन वर्षं. बॅनर, टाकी, दिवाळीचं कॅलेंडर. आणि एक ओळ, दर्शना दुसऱ्या कोणत्याही कॉलेजकडून खेळणार नाही. "तूच म्हणालीस ना माइकवर, बोईसरमध्येच राहणार."

सही सोमवारी, दोन तारखेला, ऑफिसात. पेढे.

मी पेढा घेऊन दर्शनाला शोधलं. स्टेजच्या मागे, ताडपत्रीच्या आड. पेढा घेतला नाही.

"मला इचारलंस?"

"काय?"

"मला इचारलंस काय तू? कुठं रायचं ते?"

"अगं, पण तू जाणार नव्हतीस ना."

"कोन बोललं?"

कोण बोललं. मी आठवत राहिले. रिक्षात. बगू. समुद्राकडे तोंड. ती बोललीच नव्हती. मी बोलले होते, सगळं मीच.

"मी त्या खोलीचा फोटो मागून घेतलाय, केतकी. दोन पलंग होते. आमच्या घरात माजा पलंग नाय, तुला म्हायती हाय. मी आयला रोज थोडं थोडं सांगत व्हते. आज जरा मासलीचं, उद्या जरा मॅटचं. ती आता हो बोलनार व्हती."

मग समारोपाचं राष्ट्रगीत लागलं आणि आम्ही दोघी सरळ उभ्या राहिलो.

२८ जाने.

घिवली. गेले, कारण बसवेना. माझ्या हातून चांगलं झालं हे मला इतकं माहीत होतं की विचारायचं राहूनच गेलं. हे वाक्य सरळ दिसतं पण लिहायला अर्धा दिवस लागला.

आयने चहा दिला. रागावल्या नाहीत, ते जास्त वाईट.

"आता कशी जाईल ती? सगल्या गावाने आयकलं. शेठने हात वर केला. आता गेली तर लोक काय, शेठने दिलं आन् घिवलीची पोर फिरली."

"पण तिने कुठे शब्द दिला? मी दिला!"

"माइकला काय, तोंड कोनाचं ते दिसत नाय."

मी म्हटलं, मग मी परत माइकवर जाते. रविवारी केळव्याला सामने आहेत, सगळ्यांसमोर सांगते की चिठ्ठीत तसं नव्हतं, मी—

"गप गो!" दर्शना. पहिल्यांदा मोठ्याने. "परत माइक? तुला धाडलं की तू अजून कायतरी देऊन येशील. माजं लगीन लावून येशील."

आय हसल्या. मग ती हसली. मग मी, पण माझं जरा रडण्यासारखं झालं, आणि तिने माझ्या पाठीत एक धपका घातला. खेळाडूचा धपका. अजून दुखतंय. बरं वाटलं.

विचारलं. या वेळी खरंच विचारलं. तुला काय पाहिजे?

"जायला भेटलं पायजे. जाईन का नाय ते मी ठरवीन."

३० जाने., शुक्र.

शुक्रवारची एमआयडीसी बंद, कॉलेजनंतर तिथे कामाला जाणाऱ्याही मोकळ्या. मासवणला माधुरीकडे जमलो, शेतात. भात कापून झालेलं, खुंटं टोचतात, तिथेच या पोरी सराव करतात. माधुरीचे आईबाप वीटभट्टीवर गेलेत सीझनला, घरात ती आणि आजोबा. सात जणी आणि मी. मला सांगितलं, तू कोपऱ्यात बस, लिही, बोलू नको. बसले.

जाम भांडण झालं! अर्ध्या जणी म्हणे, जा तू मुंबईला, आमाला काय. अर्ध्या म्हणे, शेठचं घे, गावातलं गावात. पिंकी, उजवा कॉर्नर, म्हणाली, "तुजा शेठ, तुजी मुंबई, तुजा बॅनर. आमचा काय, नुसता घोटा?" दर्शना लाल झाली. "मी मागितला काय बॅनर?" "नाय म्हन्लीस पन नाय!" दोघी उठल्या. माधुरीने दोघींचे हात धरून खाली बसवलं, तिच्या पकडीतून कोण सुटणार.

मग माधुरी म्हणाली. हे शब्दशः:

"शेठने हात वर केला, तो खाली घेता नाय येत. पन वळवता येतो ना? डब्यासारका. बक्षीस एकीच्या नावाने येतं आन् डब्यात पडतं. आमी शेठला सांगू, तुमचा शब्द हाय, आमाला मान्य हाय, पन डब्यात टाका. सातींची फी. सातींचा बॅनर. आन् दर्शनावरची ती ओळ खोडा. मग ती ऱ्हायली तर ऱ्हायली, गेली तर गेली. शेठ पन खोटा नाय, ती पन खोटी नाय."

मी कोपऱ्यात उडीच मारली, माझ्याकडे बघून सगळ्यांनी एकदम "शूऽऽ".

एकीच्या पैशात सात? शेठ का मानेल? पिंकी म्हणाली, "नाय मानलं तर?" दर्शना म्हणाली, "नाय मानलं तर मी सही नाय करनार, आन् 'आली बघ टाकी' म्हनवून घेईन गावात. जन्मभर." सात जणी इतक्या हसल्या की आजोबा बाहेर आले.

दर्शनाला म्हटलं, आणि मानलं तर? जाशील? तिने खुंट उपटला, दातात धरला. या वेळी मी त्याचा अर्थ लावला नाही. लावायची इतकी सवय आहे की जीभ चावून धरावी लागली.

२ फेब्रु., सोम. ११.३५

शेठच्या ऑफिसबाहेर, पायरीवर. हे इथेच लिहितेय, गुडघ्यावर वही.

एकाच टमटममध्ये आलो, आठ जणी. ड्रायव्हर म्हणाला, "मॅच किधर है?" पिंकी म्हणाली, "यहीं है, भैया." दारात चपला काढायला लावतात, आत नवी फरशी आहे. सात जोड्या बाहेर. मी आठवी काढायला वाकले तर माधुरीने खांदा धरला.

"तू हितं."

"मी मॅनेजर आहे!"

"म्हनून हितं."

दर्शनाने तिचा मोबाइल माझ्या हातात दिला. मैदानात उतरताना देते तसा.

काचेतून दिसतंय. सातही जणी खुर्च्या असून उभ्या. शेठ बसलेले, समोर कागद. ऐकू काही येत नाही, शेडमधली मशीन धडधडतेय. तोंडं बघून संवाद लिहिता येईल मला, आत्ता, इथे, झकास होईल. नाही लिहिणार.

११.४६

शेठ हसले. मग हसायचे थांबले.

माधुरी बोलतेय. खूप वेळ. मी तिला इतकं बोलताना कधी बघितलं नाही. शेठनी बायकोला आत बोलावलं. बायको आली, कागद उचलला, उभ्याउभ्या वाचतेय.

मला आत जायचंय मला आत जायचंय मला आत जायचंय.

११.५२

बायकोने पेन मागितलं. शेठ नको म्हणतायत हाताने. की थांब म्हणतायत.

११.५४

फोन. दर्शनाचा. माझ्या हातात. स्क्रीनवर "मुंबई होस्टेल". पांढऱ्या गाडीवाल्यांचं तिने असं नाव ठेवलंय. बाराला सहा मिनिटं.

वाजतोय. मी उठून काचेला लावला. पिंकीने बघितलं, दर्शनाला कोपर मारलं. दर्शना वळली. फोनकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. घे म्हणाली नाही. नको म्हणाली नाही. मी एक वाक्य बोलले तर सगळं होईल, हो ती येतेय, किंवा नाही येत, किंवा पाच मिनिटं द्या सर. मला तिन्ही येतात बोलायला.

मशीन थांबलंय. आतलं ऐकू यायला लागलं. शेठ म्हणतायत, "सात म्हणजे सात?" आणि दर्शना दाराकडे निघाली, शेठचं बोलणं चालू असताना, अनवाणी, नव्या फरशीवरून.

फोन वाजतोय. मी उचलत नाहीये.